पाळणाघरात बाळाला काय काय भरवतात, काकूंना न दुखावता कसं सांगू? (नाशिक)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मोबाईलवरून टाईप करतेय, चुका चालवून घ्या, धागा लांबलाय.

लेक साडेआठ महिन्यांची आहे. २६ आठवड्यांची रजा संपली आणि मी परत कामावर, सातपूर एमआयडीसीत. ५० किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय द्यायची असा कायदा आहे म्हणे, आमच्याकडे सगळे मिळून ३५, त्यामुळे विषयच संपला. सासूबाई निफाडला, ऐन हंगामात बाग सोडून त्या येणार कशा. मग इंदिरानगरला घराजवळच एका काकूंचं घरगुती पाळणाघर आहे तिथे ठेवतो, सहासात पोरं असतात. काकू मनाने सोनं आहेत हे आधीच सांगते. लेक सकाळी त्यांना बघून हात पसरते आणि संध्याकाळी मला बघून कधीकधी येतच नाही (ते असो).

प्रॉब्लेम खाण्याचा आहे. मागच्या आठवड्यात सासऱ्यांनी द्राक्षांचा क्रेट पाठवला, अर्धा मीच हौसेने काकूंना नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी लवकर सुटले म्हणून चारलाच गेले तर बाईसाहेब सतरंजीवर बसलेल्या, गाल फुगलेला, आणि ओठांच्या मधून हिरवागार अख्खा मणी दिसतोय. दात दोनच आहेत हो तिला. मणी पुढेच होता, बाहेर दिसत होता म्हणून मी अलगद काढून घेतला, पण नंतर घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते. काकू म्हणाल्या, अगं चोखते नुसती, चावत नाही. आता ती द्राक्षं माझ्याच हातची, बोलणार तरी काय!

त्यानंतर मी थोडी चौकशी केली, म्हणजे तिथल्या चार वर्षांच्या पोराला विचारलं, तो सगळं सांगतो. तर खोकला झाला होता तेव्हा हळद-मधाचं चाटण दिलं. चारच्या चहात बिस्किट बुडवून देतात, सगळ्यांनाच. आणि मी सकाळी सातला मऊ खिचडी करून डबा देते तो एकला भरवतात, तोही गाळणीतून काढून पातळ करून, का तर घास अडकेल! म्हणजे खिचडी अडकेल म्हणून गाळायची आणि द्राक्ष अख्खं. रोज वर वाटीभर डाळीचं पाणी.

नवरा म्हणतो पाळणाघर बदल. जवळपास दुसरं नाहीये आणि इतकं जीव लावणारं तर नाहीच. मी घरी लिस्ट करून दिली तर त्यांना वाटेल ही शिकवायला निघाली, त्यांची स्वतःची दोन मुलं इंजिनिअर आहेत. काय काय खरंच धोक्याचं आहे आणि काय मी उगाच डोक्यात घेतलंय, आणि सांगायचं कसं? प्लीज अनुभव सांगा.

---

गंगापूररोडची:
द्राक्ष अजिबात उगाच डोक्यात घेतलेलं नाही. गुळगुळीत, गोल, नेमकं बाळाच्या श्वासनलिकेच्या मापाचं, बुचासारखं बसतं. द्यायचं तर साल काढून उभे चार भाग करून, आडवे काप नको, आडवी चकती गोलच राहते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात घरोघरी द्राक्षं पडलेली असतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण पोरांच्या हातात मणी ठेवतो, मी तर लेक पाच वर्षांची होईपर्यंत कापूनच दिली. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, चिवड्यातलं डाळं-खोबऱ्याचे काप, कच्चं गाजर, पॉपकॉर्न हे पण त्याच यादीत. आणि मध एक वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही, आमच्या डॉक्टरांनी बाळगुटीसुद्धा मधात उगाळू नका म्हणून बजावलं होतं.

सिडकोवाला:
आम्ही चहा-बिस्किटावरच वाढलो की. आजकाल फार गुगल करतात लोक. सगळी पोरं जगली ना?

सिस्टरताई:
सगळी जगली असं ज्यांची जगली ते म्हणतात. मी बालरुग्ण विभागात नर्स आहे म्हणून तीन गोष्टी लिहिते.

एक, मध. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्याचं काही होत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. उकळलं तरी बीजाणू मरत नाहीत, म्हणून कोमट पाण्यात दिला तर चालेल का हे विचारू नका. एकदा चाटवलंय म्हणून आज घाबरून रात्र काढू नका, पण शी अडकली, रडण्याचा आवाज बारीक झाला, दूध ओढायला जोर कमी वाटला, मान ढिली पडली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि मध दिला होता हे आवर्जून सांगायचं.

दोन, चहा. साखर तर आहेच, पण चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही आणि बाळाचा पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांपर्यंत संपत आलेला असतो. लोहाचं सिरप चालू आहे का बघा, सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली देतात, आशाताई किंवा अंगणवाडीत विचारा. डाळीच्या पाण्यात काही नसतं, डाळ खाली राहते! डाळ घोटून द्या, वर लिंबाचे दोन थेंब.

तीन, ठसका आणि अडकणं यात फरक करायला शिका. बाळ खोकतंय, उमासे येतायत, तोंड लाल झालंय, आवाज येतोय तर मध्ये पडू नका, ते स्वतःच बाहेर काढतंय. आवाजच बंद झाला, रडता येत नाही, ओठ निळे पडायला लागले तर ते अडकणं. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, आणखी आत जातं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, निघेपर्यंत आलटून पालटून, आणि दुसऱ्या कोणी १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, कुठेतरी बाहुलीवर करून बघा, काकूंना पण घेऊन जा.

माजी पाळणावाली:
मी अठरा वर्षं पाळणाघर चालवलं, पंचवटीत. दुसऱ्या बाजूने सांगते, राग मानू नका. तुमची एकच आहे, काकूंकडे सात आहेत आणि साती जणींचे सात नियम. एक म्हणते गव्हाचं नको, एक म्हणते गूळ चालेल, एकीचा डबा उघडला की त्यात कालचाच वास. चाटण दिलं असेल तर ते प्रेमानेच दिलं असणार, त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं ते. त्यामुळे हे चुकतंय असं म्हणत जाऊ नका, "डॉक्टरांनी मला सांगितलंय, मी विसरते, तुम्ही लक्ष ठेवाल का" असं जा. मला असं सांगणाऱ्या आयांचं मी ऐकायचे, लिस्ट चिकटवणाऱ्यांची लिस्ट फ्रीजवरून पडली की परत उचलायचे नाही, खरं सांगते.

खिचडीत मात्र त्यांच्याआधी तुमचं चुकतंय. सातचा भात एकला, आणि पुढे उन्हं चढणार, असा भात बाळाला देऊ नये. तांदूळ-मूगडाळ धुवून सुकवून भाजून भरड काढा, डब्यात भरून द्या, काकू एकला दहा मिनिटांत ताजी शिजवतील. दुसरी सोय म्हणजे थर्मासचा डबा, आधी उकळतं पाणी घालून तापवायचा मग खिचडी वाफाळती भरायची. उष्टी उरली तर टाकायची, परत गरम करून चारला द्यायची नाही. आणि गाळणं बंद. आठ महिन्याला चमच्याने चेचलेलं पाहिजे, चमचा वाकडा केला तर ओघळायला नको, हळूच पडावं. हातात धरायला शिजवलेल्या गाजराची, भोपळ्याची फोड, दोन बोटांत चुरडली जाईल इतकी मऊ. नवीन पदार्थ आधी रविवारी घरी, मग आमच्याकडे, पुरळ-बिरळ उठलं तर ते तुमच्यासमोर उठू दे.

---

धागाकर्ती:
अपडेट देते. सगळ्यांचे खूप आभार, सिडकोवाले तुमचे पण.

शनिवारी अर्धा तास लवकर गेले. लिस्ट नेली नाही. भरडीचा डबा नेला आणि म्हटलं काकू, डॉक्टर मला फार ओरडले मधावरून, माझ्या लक्षात राहत नाही, तुम्हीच सांभाळा. काकू दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, मी दिलं होतं गं एकदा. मला वाटलं आता काहीतरी होणार, तर उठून मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, मोठ्यांच्या काढ्याला होईल.

द्राक्षाचं मी तोंडाने सांगितलंच नाही. मणी घेतला, सोलला, उभा चिरला आणि त्या बघत असताना लेकीला दिला. सोमवारी गेले तर काकू विळीवर बसून सगळ्यांचेच मणी चिरतायत, चार वर्षांचा तो पत्रकार बाजूला रडतोय, मला अख्खं पाहिजे. चहा बंद झालाय असं तोच म्हणतो, बिस्किटाचं अजून जमलेलं नाही, एकेक करून बघू. प्रथमोपचाराला त्या म्हणाल्या माझे गुडघे दुखतात, त्यांच्या सूनबाई येणार आहेत माझ्याबरोबर.

पण त्यांनीच उलट एक विचारलंय. होळीला त्या सगळ्या पोरांना पुरणपोळी करतात, हिला एकटीला बघत बसवायचं का? साखर-गूळ इतक्यात द्यायचा नाही हे माहितीये, पण काकूंचा चेहरा बघवेना.

माजी पाळणावाली:
पुरणाची डाळ शिजली की गूळ पडायच्या आधी दोन चमचे बाजूला काढायला सांगा, चांगली घोटून, वरून तूप. कटाची आमटी मात्र नको, त्यात तिखट-मीठ असतं.