मदत हवी आहे : वरचा सडा सपाट केला, खालचा झरा आटतोय

पऱ्याकाठ :
लवकर सांगा कुणीतरी. वाडीच्या वर सडा आहे, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. गेल्या वर्षी जेसीबी लागला आणि सगळं सपाट केलं. यंदा फेब्रुवारीतच झरा बारीक झाला, एरवी मे सरेपर्यंत यायचा. ऑफिसात गेलो तर खाजगी जमीन आहे म्हणाले. कुठला कायदा लागतो? 22 घरं आहेत.

नगरी_माती :
हिवरे बाजार बघून या. पोपटराव पवारांच्या गावाने शेतीसाठी बोअर बंद केले. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पीक ठरवतात. ठराव करा, सगळं होतं.

पऱ्याकाठ :
आमच्याकडे बोअर नाहीच हो. झरा आहे.

चाकरमानी७२ :
छपरावरचं पागोळीचं पाणी साठवा. मी गावी 5000 लिटरची टाकी बसवली, एप्रिलपर्यंत पुरतं. फोटो टाकू का?

सह्यकडा :
जिल्हा कुठला? सपाट कशासाठी केलं, आंब्याच्या कलमांसाठी की प्लॉटसाठी? झऱ्याचं पाणी कोण वापरतं? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

पऱ्याकाठ :
राजापूर तालुका. कलमं लावतो म्हणाले होते, आता प्लॉटचा बोर्ड लागलाय. झऱ्यावर ग्रामपंचायतीची टाकी आहे, नळ तिथूनच येतो.

सातबारा_वाचक :
मग टाकीचं आधी सांगायचं ना! कलमं म्हणजे शेतीच, तिला बिनशेती परवानगी लागत नाही. प्लॉट पाडले की प्रकरण महसुलाकडे जातं, तिथे लेखी हरकत घ्या. आणि जांभा खणून बाहेर विकलाय का? परवानगी नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 48(7) लागतं.

नगरी_माती :
20 वर्षांची वहिवाट दाखवा, हक्क आपोआप सिद्ध होतो.

सातबारा_वाचक :
इथे नाही होत. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात कलम 17 आहे. ठरलेल्या प्रवाहातून न वाहणाऱ्या भूगर्भातल्या पाण्यावर असा हक्क मिळत नाही. सड्यात मुरणारं पाणी त्यातच येतं.

हापूस_बाग :
उगाच आंब्याला दोष देऊ नका. माझी देवगडला कलमं आहेत. कातळावरून पाणी वाहूनच जातं, सपाट केलं तर उलट मुरेल.

सह्यकडा :
नाही मुरत. जांभा सच्छिद्र असतो. पाणी भेगांतून आत जातं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन निघतं. वरचे खळगे बुजवून, बाहेरची माती आणून दाबली की पावसाचं पाणी सरळ व्हाळाला, म्हणजे ओढ्याला. 3000 मिमी पाऊस पडून उन्हाळ्यात टँकर लागतात ते उगाच नाही.
खरी अडचण कायद्यात आहे. 2009 चा भूजल कायदा विहिरी आणि बोअर रोखायला बराच उपयोगी, पण झऱ्याचं पाणी जिथे मुरतं त्या सड्यावर काय करायचं हे ठरवताना झऱ्याला विचारतं कोण? ती जागा नकाशावर आखून तिथे उकरण्याआधी भूजल यंत्रणेचं मत सक्तीचं करायला हवं.

गप्पागोष्टी :
अटल भूजल योजनेत अर्ज करा.

सह्यकडा :
त्यात राज्यातले 13 जिल्हे घेतले होते, कोकणातला एकही नव्हता.
पऱ्याकाठ, तुम्ही जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी मागणी करा. सार्वजनिक स्रोत आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. आणि आजपासून झरा मोजा. बादली किती सेकंदांत भरते ते तारखेसह वहीत लिहा. पूर्वी कधी मोजलं होतं का?

पऱ्याकाठ :
नाही, कधीच नाही. आज मोजला. 20 लिटरची बादली भरायला 3 मिनिटं 40 सेकंद. वहीत लिहिलंय. सोमवारी सरपंचांना घेऊन जातो.