थाप आणि खोटी साक्ष एकाच यादीत का?

वाडीकर:
बायबलच्या दहा आज्ञांपैकी आम्हा कॅथलिकांची आठवी आज्ञा सांगते, 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको.' धर्मशिक्षणाच्या वर्गात बाईंनी ती सोपी करून शिकवली: खोटं बोलू नये. मग आम्ही कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, जाऊन 'फादर, तीनदा खोटं बोललो' असं मोजून सांगायचो. माझ्या मते या सोपेपणात आज्ञेचा कणाच गेला. मूळ शब्द न्यायनिवाड्याचे आहेत. बायबलमधली गोष्ट आठवा: राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. दोन साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारलं. दुखत असताना 'मला काही होत नाही' म्हणणारी आई आणि ते दोघे एकाच यादीत?

पायवाट:
यादी एक, वजन वेगळं. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस यानं असत्याचे तीन प्रकार केले: थट्टेतलं, कुणाच्या उपयोगी पडणारं आणि दुसऱ्याचं नुकसान करणारं. पहिली दोन लहान पापं, तिसरं प्राणघातक, म्हणजे देवापासून तोडणारं मोठं पाप. पण लहान म्हणजे माफ नव्हे. प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टिन यानं उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावच्या फर्मस या बिशपची गोष्ट सांगितली आहे. त्यानं एका माणसाला लपवलं होतं. सम्राटाचे शिपाई आले तेव्हा म्हणाला, 'मी खोटं बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही.' छळ सोसला, पत्ता सांगितला नाही. शेवटी सम्राटानंच त्या माणसाला माफी दिली.

रानजाई:
फर्मसचा सम्राट विरघळला. सगळेच विरघळत नाहीत! बायबलमध्ये इजिप्तच्या राजानं, फारोनं, इस्राएली मुलगे मारायला सांगितले तेव्हा शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी सरळ थाप मारली: 'इब्री (इस्राएली) बायका आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात.' देवानं त्यांचं भलं केलं. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातही व्याख्या होती की सत्य जाणण्याचा हक्क असलेल्याला फसवणं म्हणजे असत्य. १९९७च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत 'हक्क' काढून टाकला. मला ते अजून पटलेलं नाही. मारेकऱ्याला कसला हक्क?

पायवाट:
ऑगस्टिनचं उत्तर असं की सुइणींना फळ मिळालं ते दयेचं, थापेचं नव्हे. आणि हक्क पूर्ण गेलेला नाही: ज्याला हक्क नाही त्याला सत्य सांगायला कुणी बांधील नाही, हे त्याच ग्रंथाच्या परिच्छेद २४८९मध्ये आजही आहे. गप्प राहा, विषय टाळा. पण 'नरो वा' मोठ्यानं म्हणायचं आणि 'कुंजरो वा' मनात ठेवून शपथ घ्यायची, ही पळवाट अकराव्या इनोसंट पोपनं १६७९मध्येच बंद केली.

रानजाई:
दारात बंदूक घेऊन उभा असलेल्यासमोर गप्प राहिलं की उत्तर मिळतंच त्याला. मी थापच मारेन, आणि कुमसाराला तेच सांगेन.

वाडीकर:
ताई, तुमच्या थापेनं कुणाचं घर जात नाही. आमचं जात होतं. जमिनीच्या दाव्यात ओळखीतल्या एकानं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की बांध कधी नव्हताच. त्याच बांधावर बसून त्यानं लहानपणी आमच्याकडची भाकरी खाल्ली आहे. अकरा वर्षं वडील तारखांना गेले. ग्रंथ म्हणतो, असत्याचं गांभीर्य त्यानं झालेल्या नुकसानीवरही ठरतं, आणि क्षमा मिळाली तरी भरपाई टळत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, आणि वर्गात नेमकं हेच कुणी शिकवलं नाही.

परवा तो आला. ओटीवर टेकला, चहा घेतला नाही. म्हणाला, 'खरं काय ते लिहून देतो, वकिलाला विचार कसं द्यायचं.' सोमवारी जातोय विचारायला.