मदत हवी आहे : सहा विद्यार्थी, दोन तास आणि न संपणाऱ्या चुका

टेम्सकाठी
नमस्कार. माझ्या गटात सहा विद्यार्थी आहेत आणि वर्ग दोन तासांचा असतो. प्रत्येकाने दहा मिनिटे बोलावे, मी चुका टिपाव्यात आणि लगेच सांगाव्यात, असा क्रम ठेवला आहे; परंतु एकेकाच्या नावावर दहा-बारा चुका निघतात, त्या सांगता सांगता शेवटच्या दोघांची पाळी जेमतेम येते, आणि पुढच्या आठवड्यात तीच मंडळी त्याच चुका घेऊन उभी राहतात. पुढचा वर्ग सोमवारी आहे, तेव्हा कृपया लवकर सुचवावे.

वाटसरू
वर्ग कशाचा, देश कोणता आणि विद्यार्थी नेमके काय बोलतात, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

प्रश्नसंच
टोपणनावावरून इंग्लंड दिसते, आणि वर्ग वकिलीचा असावा असे धरतो. तिथे सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः न्यायालयाबाहेरचे कायदेशीर काम पाहणारे वकील, होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे आणि तिच्या पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात. रोज पन्नास प्रश्न सोडवून घ्यावेत. माझ्या विद्यार्थ्यांना याचाच फायदा झाला.

टेम्सकाठी
बहुपर्यायी प्रश्नांबद्दल मी विचारलेलेच नाही. सॉलिसिटरांना मी नऊ वर्षे शिकवले आहे. आता प्रथमच लंडनमध्ये बॅरिस्टर, म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारे वकील, होऊ पाहणाऱ्यांचा बार कोर्स हाती आला आहे आणि विषय साक्षीदाराच्या उलटतपासणीचा आहे. हे पहिल्याच वेळी लिहायला हवे होते, मान्य आहे.

जुना कारकून
मी मुंबईत आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा दिली. उलटतपासणी वर्गात येत नाही. ज्येष्ठ वकिलांच्या मागे बसून, त्यांचे कागद सांभाळत ती अंगी मुरते.

चौथा बाक
कारकूनकाका, तिथेही अखेर बार कोर्स संपवून, बहुधा एखाद्या चेंबरमध्ये म्हणजे बॅरिस्टरांच्या कार्यालयात, प्युपिलेज म्हणजे अनुभवी वकिलाच्या हाताखालची उमेदवारी करावीच लागते. पण तिथवर पोचण्याआधी वर्गात उभे राहायला शिकावे लागते, आणि धागाकर्तीची अडचण तीच आहे.

ताई, तिथल्या वकिलीच्या प्रशिक्षणात हॅम्पेल पद्धत रुळलेली आहे, ती वापरून पाहा. जॉर्ज हॅम्पेल या ऑस्ट्रेलियन न्यायाधीशांच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिचा कणा असा, की एका विद्यार्थ्याला एका वेळी एकच दोष सांगायचा. समजा, त्याने विचारले, "तुम्ही दुकानापासून वीस मीटरवर होतात, अंधार होता आणि तुम्ही चष्मा लावला नव्हता, बरोबर?" आणि साक्षीदार "नाही" म्हणाला. आधी मथळा द्यावा, "एका प्रश्नात एकच गोष्ट." मग त्याचाच प्रश्न शब्दशः वाचून दाखवावा, म्हणून टिपणे शब्दशः हवीत. मग कारण सांगावे : ते "नाही" अंतराला होते, अंधाराला की चष्म्याला, हे न्यायाधीशांना कळलेच नाही. मग उपाय : तीन गोष्टींचे तीन छोटे सूचक, म्हणजे हवे ते उत्तर सुचवणारे, प्रश्न. ते आपण स्वतः विचारून दाखवावेत आणि लगेच त्याच्याकडून पुन्हा करून घ्यावेत. सारे मिळून सात-आठ मिनिटांत होते, म्हणजे सहाही जणांची पाळी दोन तासांत बसते.

प्रश्नसंच
उरलेल्या अकरा चुकांचे काय? पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्याला एकच दोष सांगणे मला अन्यायाचे वाटते.

चौथा बाक
बारा ऐकून तो एकही सुधारत नाही, हे धागाकर्तीनेच लिहिले आहे. शिवाय बाकीचे पाच जण तो एक मथळा ऐकून आपापल्या कागदावरचे प्रश्न मुकाट्याने तोडू लागतात, हे मी वर्गात पाहिले आहे.

वाटसरू
मला फक्त करून दाखवण्याच्या पायरीची शंका आहे. शिक्षक फार छान बोलला, तर विद्यार्थी त्याचा आवाज उचलतो आणि प्रश्नाची रचना विसरतो. दाखवायचे ते अर्ध्या मिनिटात उरकावे.

नाशिककर
माझा भाचा इथे वकिली करतो. त्याला एसक्यूई देता येईल का?

प्रश्नसंच
येईल. शिवाय सॉलिसिटर होण्यासाठी इतरांना लागणाऱ्या दोन वर्षांच्या अनुभवाची अट परदेशात वकील झालेल्यांना नाही. परंतु त्यासाठी वेगळा धागा काढावा.

टेम्सकाठी
एक शंका उरली. मागच्या वर्गात एकाने साक्षीदाराला "आरोपीशी तुमचे पैशांवरून भांडण होते" असे थेट सुनावले, आणि दिलेल्या कागदांत तशी एकही ओळ नव्हती. त्याचे प्रश्नही लांबलचक होते. एकच दोष निवडायचा, तर कोणता?

चौथा बाक
भांडणाचा. लांब प्रश्न पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतो. आधार नसलेला आरोप साक्षीदाराच्या तोंडावर टाकण्याची सवय थांबू शकत नाही, कारण तो व्यावसायिक आचाराचा भंग आहे. त्याला त्याचे वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, की हे कोणत्या पानावर आहे.