‘सॅन्स-सेरिफ’ला मराठीत काय म्हणाल?

प्रूफवाली: नागपुरात बर्डीवरच्या एका प्रदर्शनासाठी फ्युचुरा या रोमन लिपीच्या टाइपवरचा (छपाईच्या अक्षरवळणावरचा) फलक मराठीत करतेय. तो रेखाटणारे पॉल रेनर, साल १९२७, तो ओतणारी फ्रँकफर्टची बाउअर फाउंड्री, अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरची अक्षरं, इथवर सुरळीत झालं. ‘बोल्ड जिओमेट्रिक सॅन्स-सेरिफ’पाशी गाडी अडली. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला दिलेली छोटी रेघ, सॅन्स म्हणजे तिच्याविना. मी ‘ठळक भौमितिक बिनटोकी टंक’ लिहिलं. संपादकांनी ‘बिनटोकी’वर काट मारली. म्हणाले, यातल्या कॅपिटल ‘ए’चं टोक तर चांगलं अणकुचीदार आहे! दुसरा शब्द सुचवा.

महालकर: ताई, आधी ‘टंक’ काढा. आमच्या छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरं) होते, टाइप होता. ‘हेडिंग चोवीस पॉइंट ठळक लाव’ म्हटलं की कंपोझिटरला कळायचं. टंक म्हटलं की टाइपरायटर डोळ्यांपुढे येतो.

बोरू: असहमत. टंक म्हणजे छिन्नी, टंक म्हणजे शिक्क्याचं नाणं. टांकसाळ त्यावरूनच आली. ठसा उमटवायच्या धातूला याहून नेमका शब्द कुठला? अडचण ‘सेरिफ’ची आहे. ती रोमन लिपीतली गोष्ट. आपली अक्षरं तिरक्या कापलेल्या बोरूतून आली, म्हणून रेघ कुठे जाड, कुठे बारीक. फ्युचुरात पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती एकाच जाडीची रेघ. ‘समरेघ’ म्हणा.

प्रूफवाली: मग रॉकवेल या दुसऱ्या टाइपचं काय करू? त्याचीही रेघ जवळपास एकजाडीची, पण सेरिफ ठसठशीत. दोन्ही समरेघ कसे?

इतवारी: फ्युचुराची रेघही तंतोतंत सम नाही. अक्षराची गोल वाटी उभ्या दांड्याला मिळते तिथे ती बारीक केलीय, नाहीतर सांधा काळा पडतो. देवनागरी ठळक करताना हे सांभाळलं नाही तर जोडाक्षरं मरतात. भाचीच्या लग्नपत्रिकेत ‘सिद्धी’मधल्या ‘द्ध’ची पोकळी शाईनं भरून गेली आणि अर्ध्या पाहुण्यांनी ‘सिद्दी’ वाचलं. नाव होतं हो ते, नवरीचं!

महालकर: पत्रिकेतला ‘ल’ कुठला होता? बर्डीवर बघाल तिकडे दांड्याचा हिंदी ‘ल’ आणि हिंदी ‘श’. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळण स्पष्ट दिलंय.

इतवारी: काहून भाऊ, नागपुरात दोन्ही ‘ल’ वाचता येतात. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं आहे.

महालकर: वाचता येणं वेगळं. माझ्या नातीला शाळेत एक ‘ल’ गिरवायला लावतात आणि चौकात तिला दुसराच दिसतो. पाटी मराठी असेल तर वळणही मराठीच हवं.

बोरू: यात पाट्या छापणाऱ्याचा दोष नाही. युनिकोडात, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, दोन्ही ‘ल’चा क्रमांक एकच आहे. फॉन्टमध्ये मराठी रूप घातलेलं असलं, तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ते बहुतेकदा उमटत नाही. डिझाइन करणारे ती निवडतच नाहीत.

प्रूफवाली: फलक शुक्रवारी छपाईला जातोय. ‘सॅन्स-सेरिफ’ तसंच ठेवून पुढे ‘अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा नसलेला’ असं लिहू का?

महालकर: लिहा. पण आधी सांगा, फलकावरचा ‘ल’ कुठला आहे?