कपाशीवर मिक्स औषध: "एक फवारा मारा अन् महिनाभर निवांत" म्हणे!

पारोळ्याचा कोरडवाहू
काल कुणीतरी इथे सल्ला टाकला: "कपाशी ४५ दिवसांची झाली की थायमेथोक्झाम अधिक लॅम्बडा, एकाच बाटलीतलं दोन कीटकनाशकांचं मिक्स मारा. रसशोषक आणि अळी एकाच फवाऱ्यात साफ, महिनाभर वावरात डोकवायची गरज नाही." खाली नुसते अंगठे आणि "धन्यवाद दादा". म्हणून लिहितोय.

४५ व्या दिवशी गुलाबी बोंडअळी कुठे बसली आहे, ते आधी दाखवा. ती फुलावर येते, आमच्या पऱ्हाटीला अजून पातीच, म्हणजे कळ्याच, लागताहेत. त्या वेळी असतात तुडतुडे, फुलकिडे, थोडा मावा. त्यांच्यासाठी सोबत लॅम्बडासारखं पायरेथ्रॉइड ओतलं की ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात, मग पांढरी माशी उसळते, मग पुन्हा तेच कृषी केंद्र. आणि पुढे अळी बोंडात शिरल्यावर वरून काहीही मारा, तिला काय फरक पडतो? फवारायची वेळ मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा कामगंध सापळा सांगतो. सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग दिसले, नाहीतर १०० फुलांत १० डोमकळ्या (अळी लागून न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं) निघाल्या, की मारा. एकरी दोन सापळे लावायला जीव जातो का?

तापीकाठ_चोपडा
भाऊ, सापळे मोजायला माणूस तुम्ही पाठवणार का? मजूरच भेटतस नही भो. रसशोषकाला एक फेरी, अळीला दुसरी, म्हणजे मजुरी डबल. कंपनीचं मिक्स तपासून, नोंदणी होऊन येतं, लेबलवर पीक, कीड, मात्रा सगळं असतं. तुमच्याच तालुक्यात लोक ड्रमात चार बाटल्या, वर टॉनिक आणि १९:१९:१९ खत ढवळतात. ते विष की हे? शिवाय दोन कंटेंट असले की किडीला प्रतिकार कमवणं अवघड जातं.

कृषी_पदवीधर_बेरोजगार
शेवटचं वाक्य दुकानातल्या पोस्टरवरचं आहे. दोन्ही कंटेंट एकाच किडीला पूर्ण मात्रेत मारत असतील, तरच प्रतिकार लांबतो. थायमेथोक्झाम तुडतुड्याला आणि लॅम्बडा अळीला, म्हणजे प्रत्येक किडीवर एकच गोळी चालली. उलट जी कीड वावरात नाही तिच्या वाट्याचं औषधही उगाच पडलं. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के या मिक्सची गोष्ट वेगळी. अळीच्या अंगातली जी एन्झाइम सायपरमेथ्रीन पचवतात, त्यांना प्रोफेनोफॉस अडवतं. त्या जोडीला अर्थ आहे, फक्त ती बोंडअळीच्या वेळेला मारा, पातीवर नको.

सरकी
तेच प्रोफेनोफॉस-सायपर ना, जे २०१७ ला यवतमाळच्या फवारणीतल्या विषबाधेनंतर पाच जिल्ह्यांत ६० दिवस बंद केलं होतं? आमच्या सालदाराला त्याच वर्षी डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारताना चक्कर आली. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "बाटली कुठंय?" बाटली बांधावर राहिलेली, पोरगं मोटारसायकलवर परत गेलं. ॲट्रोपिनवर, म्हणजे त्या विषाच्या उताऱ्यावर, वाचला. मिक्समध्ये काय-काय आहे हे फवारणाऱ्याला माहीतच नसतं. मालक झाकणानं मोजतो आणि "मार" म्हणतो.

खते_लिंकिंग_बंद_करा
हे सगळं लिंकिंगमुळे. युरिया मागा, सोबत बाटली गळ्यात.

तापीकाठ_चोपडा
सरकीताई, सालदार वाचला हे बरं झालं. पण मास्क, हातमोजे न देता वाऱ्याच्या तोंडावर फवारायला लावलं, तर त्यात मिक्सचा काय दोष? एकटं मोनोक्रोटोफॉसही त्याच बंदीच्या यादीत होतं.

पारोळ्याचा कोरडवाहू
चोपडेकर, तुम्ही गुलाबी अळीवर बोलूच नका. ठिबकवर मे महिन्यात कपाशी टोचता, जुलैत तुमच्याकडे फुलं. जूनच्या पावसानंतर कोषातून निघालेला पतंग आमच्याकडे आला असता तर अंडी घालायला फूल न मिळून मेला असता. तुम्ही त्याला ताट वाढता. एक पिढी तुमच्याकडे पोसते आणि ऑगस्टमध्ये आमच्या कोरडवाहूवर उतरते. बियाणं लवकर विकू नका म्हणून ओरड होते ती कुणासाठी? तुम्ही मध्य प्रदेशातून पाकिटं आणता.

तापीकाठ_चोपडा
आता बागायतदारच चोर का? माझी पऱ्हाटी दिवाळीच्या आगेमागे उपटलेली असते, तिथे हरभरा उभा असतो. हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी राखून फरदड कोण घेतं? फेब्रुवारीपर्यंत "अजून दोन वेचण्या होतील" म्हणत वावर कोण अडवून ठेवतं? अळीला हिवाळाभर सांभाळायचं तुम्ही आणि पोसल्याचं बिल आमच्या नावावर!

पारोळ्याचा कोरडवाहू
तुझ्या विहिरीला पाणी आहे म्हणून तुला हरभरा सुचतो. आमच्याकडे फरदडच्या दोन वेचण्यांवर पोरांची फी निघते. एसीत बसून बोलू नकोस.

तापीकाठ_चोपडा
एसी? भारनियमनात रात्री दोनला मोटर चालू करायला ये एकदा, मग बोल.

शिरपूरकर_आप्पा
पोरांनो, दम खा. दोघांनाही एकच विचारतो: घराच्या मागे वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग कुणाच्या नाही? २०२१-२२ ला दहा हजारांवर भाव पाहिला आणि पुढच्या वर्षी सगळ्या खान्देशानं कापूस घरात कोंडला. खोल्यांत झोपायला जागा नाही, अंगाला खाज, आणि त्याच सरकीतून पतंग बाहेर. जिनिंगवालेही तसेच, उन्हाळाभर सरकी पडून. तिथे सापळे लावा म्हटलं की सगळे गप.

कृषी_पदवीधर_बेरोजगार
आप्पा बरोबर आहेत, पण धागा औषधाचा होता.

तापीकाठ_चोपडा
बरं बाबा, ४५ व्या दिवशी लॅम्बडा नको, घ्या. तुडतुड्याला फ्लोनिकामिड, नुसतं रसशोषकाचं औषध, मारतो. पण मिक्स वाईटच, हे मी मान्य करणार नाही. बोंडं लागल्यावर मीच मारणार आणि पारोळ्याला फोटो पाठवणार.

पारोळ्याचा कोरडवाहू
पाठव. सोबत सापळ्याचाही पाठव, असला तर. आणि फरदडचं म्हणशील तर यंदा जानेवारीत मेंढ्या सोडतो वावरात. तुझ्या सांगण्यावरून नाही, बोंडं किडकी निघताहेत म्हणून.

नवीन_सभासद_जामनेर
सर्व वाचलं. थायमेथोक्झाम-लॅम्बडा पंपाला किती टाकायचं?

कृषी_पदवीधर_बेरोजगार
दादा, मात्रा एकराची असते: ८० मिली, २०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाला साधारण ६ मिली, म्हणजे एकराला तेरा पंप. आठ पंपांत एकर उरकून झाकणानं ओतलंत तर किती पडलं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि कपाशी किती दिवसांची आहे, ते आधी सांगा.

नवीन_सभासद_जामनेर
४० दिवस. दुकानदारानं दिलंय, आणूनही ठेवलंय.