मदत हवी आहे: नवी साइट चढवल्यावर गूगलवरून आमची पानं गायब होऊन राहिली (संत्रा रोपवाटिका, नागपूर)

नमस्कार मंडळी,

काटोल तालुक्यात आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तिची मराठी वेबसाइट मी नागपुरात, धरमपेठेतून सांभाळते. विक्रीची पानं मोजकीच, बाकी सगळी माहिती: आंबिया बहाराचा ताण भारी जमिनीत कसा बसवायचा, जंबेरीवरचं कलम घ्यावं की रंगपूर लिंबावरचं, डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) सुरुवातीलाच कसा ओळखायचा. सासरे सांगतात, मी लिहिते, फोटो आमच्याच बागेतले. 'संत्रा डिंक्या उपाय' असं शोधलं की आमचं पान पहिल्या दोन-तिनांत असायचं. वरुड, मोर्शी, नरखेडकडून येणारे बहुतेक फोन त्याच पानामुळे यायचे.

मेच्या शेवटी एका एजन्सीकडून साइट नव्याने करून घेतली, कारण जुनी मोबाइलवर फार हळू उघडायची. नवी झटकन उघडते, दिसायलाही छान आहे. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गूगलवरून येणारे लोक कमी व्हायला लागले आणि ऐन लागवडीच्या दिवसांत निम्म्याच्याही खाली गेले. डिंक्याचं पान तर निकालाच्या पाचव्या पानापर्यंत जाऊनही सापडलं नाही.

आतापर्यंत काय बघितलं ते सांगते. सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) गूगलच्या माणसांनी शिक्षा म्हणून लावलेली मॅन्युअल अ‍ॅक्शन नाही, सिक्युरिटीची सूचना नाही. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी जी खूण असते, ती लागलेली नाही. गूगलने कुठली पानं बघू नयेत हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्येही काही अडवलेलं नाही. कलमांची विचारपूस पावसाच्या तोंडावरच वाढते, म्हणून तुलना मेशी न करता मागच्या वर्षीच्या जून-जुलैशी केली. तरीही घसरण मोठीच दिसते.

एजन्सीचं म्हणणं, 'गूगलचं अपडेट आलंय, सगळ्यांचंच पडलंय, थोडं थांबा.' शिवाय दर दोन-चार दिवसांनी कुणाचा तरी फोन असतो: बॅकलिंकचं (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं) पॅकेज घ्या, पहिल्या पानाची गॅरंटी देतो.

धंद्याचं नुकसान आहेच, पण त्याहून जास्त एक गोष्ट खुपते. त्या शोधात आता वर दिसणारी पानं मी वाचून काढली. बहुतेकांत नुसती औषधांची नावं आहेत. डिंक्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतो. आधी धारदार चाकूने रोगट साल खरवडून काढायची, मग बोर्डो पेस्ट लावायची. पेस्टला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. खरवडायचं कुठपर्यंत, निरोगी साल कशी ओळखायची, हे आमच्या पानावर फोटोंसकट आहे. पावसाळ्यात ज्याच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतोय त्याला ते सापडायला पाहिजे.

हे अपडेटमुळे झालं की नव्या साइटमुळे, ते ओळखायचं कसं? आणि जुनी साइट परत चढवावी का?

प्रतिसाद १

ताई, जुनी साइट घाईने परत चढवू नका. गूगल आत्ता कुठे नवे पत्ते शिकत असेल, त्यात पुन्हा उलटापालट झाली तर गोंधळ वाढेल.

आधी हे सांगा, फक्त क्लिक पडले की इंप्रेशनही (निकालात पान किती वेळा दिसलं तो आकडा)? ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल काही शोधांना वरतीच एआयचं उत्तर देतं. त्याचा फटका असेल तर इंप्रेशन आणि सरासरी क्रमांक जवळपास तसेच राहतात, फक्त क्लिक आटतात. तिथे रँकिंग गेलेलंच नसतं. इंप्रेशनसुद्धा कोसळले असतील तर पान खाली गेलंय किंवा अनुक्रमणिकेतूनच (गूगलच्या पानांच्या यादीतून, म्हणजे इंडेक्समधून) निघालंय.

अपडेटचं म्हणाल तर गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर प्रत्येक मोठ्या अपडेटच्या सुरुवातीची आणि शेवटाची तारीख असते. ५ मार्च २०२४ ला सुरू झालेलं कोअर अपडेट (क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) ४५ दिवस चाललं होतं, त्यामुळे एकच तारीख बघून ठरवू नका. अपडेट संपल्यावर किमान आठवडाभर जाऊ द्या आणि मग अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडून बघा, असं गूगल स्वतःच सांगतं. तुमच्या घसरणीच्या दिवसांत डॅशबोर्डवर काहीच नसेल तर एजन्सीला तो डॅशबोर्ड दाखवा.

धागाकर्ती

डॅशबोर्ड बघितला. आमची घसरण सुरू झाली त्या दिवसांत तिथे काही नाही. इंप्रेशनही पडलेत. पण सगळी पानं सारखी पडलेली नाहीत! मुख्य पान आणि संपर्काचं पान जिथल्या तिथे आहे, माहितीची जुनी पानं मात्र जवळजवळ शून्यावर आलीत.

प्रतिसाद २

मग अपडेट बाजूला ठेवा. जुन्या पानांचे पत्ते बदललेत का? जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की काय उघडतं? आणि सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (एकेका पत्त्याची स्थिती सांगणाऱ्या भागात) तोच पत्ता टाकला तर काय म्हणतं?

धागाकर्ती

जुने पत्ते देवनागरीत होते, नवे सगळे रोमन अक्षरांत केलेत. डिंक्याचा जुना पत्ता टाकला तर मुख्य पान उघडतं. बाकीचेही दहा-बारा टाकून बघितले, सगळे मुख्य पानावरच येतात. सर्च कन्सोलमध्ये त्यांच्यापुढे 'सॉफ्ट ४०४' लिहिलेलं आहे.

प्रतिसाद २

सापडलं म्हणायचं. काटोलचं तिकीट काढलेल्या प्रवाशाला गणेशपेठच्या बसस्थानकावरच उतरवून द्यावं, तसं चाललंय. जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ ने (पान कायमचं हलवल्याच्या खुणेने) वळवला तर जुन्या पानाची पत नव्याकडे जाते. सरसकट सगळे मुख्य पानावर वळवले की गूगल म्हणतं, मूळ पान आता नाहीच, आणि त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे काहीतरी उघडतं पण मागितलेलं पान नाही. इतक्या वर्षांत कृषी गटांतून, बातम्यांमधून तुमच्या डिंक्याच्या पानाला ज्या लिंक मिळाल्या असतील, त्या सगळ्या तिथेच अडकून पडल्यात.

आता देवनागरीतली अडचण नीट समजून घ्या, कारण एजन्सीला ती माहीत नसावी. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणेसकट ९ अक्षरांत लिहिलं जातं. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं बसतात, काना-मात्रा-वेलांटीसकट. तुमचे लांब मथळे पत्त्यात मध्येच तुटलेले असणार. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी कुणी मथळ्यांवरून बनवली तर ती जुळणारच नाही. दुसरं, 'शेतकऱ्यांसाठी' मधला ऱ्या दोन तऱ्हेने टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे शब्द.

म्हणून जुने पत्ते हाताने टाइप करू नका. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये १६ महिन्यांचा डेटा असतो. मेआधीचा काळ निवडून पेजेसची यादी उतरवा. तिथून १,००० ओळींपर्यंत मिळतात, तुम्हाला पुरून उरतील. जुना साइटमॅप (साइटच्या सगळ्या पत्त्यांची फाइल) जपून ठेवला असेल तर तोही घ्या. त्यातला पत्ता जसाच्या तसा चिकटवून समोर नवा पत्ता लिहा. ज्याला जोडीचं पान नाही त्याला सरळ ४०४ ('पान सापडलं नाही') राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

हे वळण किमान वर्षभर काढू नका. आणि ३०२ (तात्पुरतं वळण) नको, ३०१ च हवं.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर. माझं एकच: नवं डिंक्याचं पान मोबाइलवर उघडून पूर्ण वाचा. गूगल आता मोबाइलवरचंच रूप अनुक्रमणिकेसाठी धरतं. बटण दाबल्यावर उलगडणारा मजकूर चालतो, पण मोबाइलवर जो मजकूर लोडच होत नाही तो गूगलसाठी नाही. कॉम्प्युटरवर पान छान दिसतं म्हणून बरेच लोक इथे फसतात.

प्रतिसाद ४

ताई, बॅकलिंकवाल्याला एक रुपया देऊ नका. विकत घेतलेल्या लिंकांवर गूगलने एप्रिल २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून डोळा ठेवलाय. आता बहुतेक वेळा असल्या लिंक तो मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. नशीब वाईट असेल तर मॅन्युअल अ‍ॅक्शन येते, आणि आज तुमची साइट त्या बाबतीत स्वच्छ आहे. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. आमच्या इतवारीतल्या एका दुकानदाराने असलं पॅकेज घेतलं होतं, मग 'या लिंक मोजू नका' असं गूगलला कळवायच्या डिसअव्हाउ टूलमध्ये फाइल भरत बसला होता.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी उतरवली, पत्ते खरंच मध्येच तुटलेले निघाले. 'संत्रा बागेत पाण्याचा ताण...' या पानाचा पत्ता तर 'पाण्याचा ता' वरच संपतो. एजन्सीला यादी दिली, प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याचं नवं पान लावून घेतलं. मी स्वतः एकेक पत्ता टाकून बघितला. डिंक्याच्या नव्या पानासाठी यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची विनंतीही केली.

मोबाइलचं म्हणणंही खरं निघालं. साल खरवडण्याचे टप्पे आणि पेस्टच्या प्रमाणाचा तक्ता, दोन्ही मोबाइलवर येतच नव्हते. 'पान सुटसुटीत दिसावं म्हणून काढले' असं उत्तर मिळालं. दोन्ही परत टाकायला लावलेत. तक्ता झाला, फोटो बाकी आहेत.

डिंक्याचं पान अनुक्रमणिकेत आलंय, सध्या दुसऱ्या पानावर दिसतं. बाकीच्यांना आणखी काही आठवडे लागतील असं धरून चालले आहे. एक राहिलं: जुन्या पानांवर एकमेकांना दिलेल्या ज्या लिंक होत्या, त्या नव्या मजकुरातही जुन्याच देवनागरी पत्त्यांवर जातात आणि मग वळतात. त्या हाताने बदलाव्यात, की डेटाबेसमध्ये एकदम बदलता येतात? ऱ्या ची भानगड असल्यामुळे एकदम बदलायची भीती वाटते. कुणी केलं असेल तर कसं केलं ते सांगा.

प्रतिसाद २

बदलाच, पण आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. शोधायचा टक्क्याच्या खुणांचा पत्ता उतरवलेल्या यादीतूनच चिकटवा, आणि तोच देवनागरी अक्षरांतला पत्ताही वेगळा शोधा, कारण मजकुरात दोन्ही रूपं असू शकतात. आधी फक्त डिंक्याच्या पानाचा बदलून बघा. जुळला तर बाकीचे करा.