प्लेगची मुंबई घाण कोणी केली?

काळाचौकी:
अनंतरावांनी काल येथे लिहिले, की 1896 साली मुंबईत प्लेग पसरला तो चाळकऱ्यांच्या घाणेरड्या सवयींमुळे, आणि शहर सुधारण्यासाठी सरकारने स्थापलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या वस्त्या पाडून शहरावर उपकारच केले. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवीत. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे: खाली पोती, पोत्यांत उंदीर आणि वर एकेका खोलीत भाड्याने राहणारी कुटुंबे. ती कोठारे काही भाडेकरूंनी बांधली नव्हती. दोन चाळींमधली घरगल्ली इतकी अरुंद असे, की आतल्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागे, आणि त्याच गल्लीत मोरीचे पाणी व टोपलीच्या संडासाची घाण साचे. पालिकेत मताचा हक्क होता तो मुख्यतः घरपट्टी भरणाऱ्या मालकांना. तेव्हा पालिकेत गटारांपेक्षा त्यांच्या भाड्याची चिंता अधिक झाली, यात नवल ते काय?

अनंत_वि:
मालकांना मी निर्दोष ठरवलेले नाही. माझे वाक्य पुन्हा वाचावे. माझी पणजी परळला एका खोलीत नऊ माणसांचा संसार करत होती. सकाळी उठून ती खोली सारवायची, मोरी राखेने घासायची आणि उंबऱ्याबाहेर कचऱ्याचा कण पडू द्यायची नाही. गरिबी तिलाही होती. परिस्थिती सारखीच असताना शेजारची खोली उकिरडा का असे, याचे उत्तर कोणीच देत नाही.

रोहिणी_भायखळा:
उत्तर मी देते. आपल्या पणजींची खोली स्वच्छ राहिली, कारण त्या चाळीचा मैला डोक्यावरून वाहून नेणारी माणसे वेगळी होती, आणि त्यांत माझे खापरपणजोबा होते. पालिका घरमालकांकडून हलालखोर कर वसूल करत असे, पण हलालखोरांच्या, म्हणजे हा मैला उचलणाऱ्या कामगारांच्या, स्वतःच्या वस्तीत नळ नसे. 1896 च्या अखेरीस हे कामगार शहर सोडून जातील, या धास्तीने रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे नियम अधिकाऱ्यांनी सैल केले. घाण ज्यांच्या माथी मारली जाते, ते निघून गेले तर मुंबई चालणार नाही, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

अनंत_वि:
प्रत्येक चर्चेत जात आणलीच पाहिजे का? विषय प्लेगचा आहे.

रोहिणी_भायखळा:
मैला कोणी उचलायचा हे जातीने ठरवले होते, म्हणून तो विषय येथे येतो. तुम्ही सवयींविषयी लिहिलेत. टोपली वाहणे ही कोणाची सवय होती, हे तुम्हीच सांगा. आमच्या घरात आजही त्या कामाचा उल्लेख कोणी मोठ्याने करत नाही, आणि तुम्ही मात्र त्याच वस्त्यांना घाणेरड्या म्हणून मोकळे होता.

काळाचौकी:
रोहिणीताईंचे म्हणणे मूळ प्रश्नाशीच जोडलेले आहे. राहिला ट्रस्टचा मुद्दा. ट्रस्ट 1898 साली आला. त्याआधीच पथके घराघरांत शिरून कौले उतरवत होती, भिंतींना चुना फासत होती आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू.एच.एच. (‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन’) अशी अक्षरे रंगवत होती. त्या खोलीतल्या माणसांनी मग जायचे कुठे? नागपाड्यात ट्रस्टने जितकी घरे पाडली, तितकी गरिबांच्या भाड्याला परवडतील अशी बांधली नाहीत, म्हणून माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत कोंबली गेली. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवले. तोवर गटारे धुण्यावर आणि गरिबांचे बिछाने जाळण्यावरच सरकारचा भर होता.

अनंत_वि:
पाडलेल्या घरांच्या बदल्यात पुरेशी घरे मिळाली नाहीत, एवढे मी मान्य करतो. तरीही हवेशीर रुंद रस्ते त्याच ट्रस्टने दिले, आणि सँडहर्स्ट रोडवरून आपण आजही जातो. स्वच्छतेची शिस्त कोणी मोडली, हा माझा प्रश्न मी मागे घेत नाही.

रोहिणी_भायखळा:
प्रश्न जरूर ठेवा. पण पाणी, गटार आणि संडास ज्यांच्या हाती होते, त्यांना तो आधी विचारा आणि कालच्या लेखनात तसा बदल करा. तेवढे केलेत, तर शिस्तीवर बोलायला मी तयार आहे.